यंदा रंग कोणता?

घरी चार माणसे बोलवावीत, त्यांस काही चांगलेचुंगले खाऊ घालावे आणि दोन घटका हसतखेळत घालवाव्यात, ही हौस ज्या घरात नाही असे घर विरळा. परंतु ह्या हौसेच्या आड दोन गोष्टी येतात. एक पैसा; आणि दुसरी, पैशाहूनही चिवट अशी, लोक काय म्हणतील ही धास्ती. पहिलीवर उपाय पुष्कळ आहेत व ते कोणतीही जाणती गृहिणी सांगू शकेल. दुसरीवरचा उपाय शिकावयास मला मात्र आमच्या घरातील एक वाईट वर्ष खर्ची घालावे लागले. ती हकीकत आज सांगावीशी वाटते, कारण गेल्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.

आमच्या धाकट्या नातीचा पहिला वाढदिवस आश्विनात येतो. त्यासाठी सूनबाईंनी एका कंत्राटदाराकडून खर्चाचा अंदाज मागविला होता, तो त्यांनी मला वाचून दाखविला. प्रथम म्हणे 'थीम' ठरवावयाची: समुद्रातील मासे, जंगलातील प्राणी किंवा परीराज्य. मग त्या थीमला साजेसे फुगे, कमान, केक, पाहुण्यांच्या डोक्यावरच्या टोप्या. जेवण माणशी 850 रुपये, सजावट निराळी. 60 माणसांचा हिशेब होता होता आकडा लाखाच्या जवळ जाऊन पोचला. मुलगा काही बोलला नाही, पण घराच्या कर्जाचे हप्ते मोजताना त्याचा चेहरा जसा होतो तसाच तो कागद पाहताना झालेला मी पाहिला. सूनबाई कागदाची घडी घालीत म्हणाल्या, "आई, तुमच्या वेळी असल्या थीम नव्हत्या, ते बरे होते."

"नव्हत्या कशा?" मी म्हटले, "आमचे सबंध वर्षच थीमचे होते!"

हे मी विनोदाने म्हटले नाही. वाचकभगिनींनी विचार करून पाहावा. संक्रांतीस काळे वस्त्र नेसावयाचे आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालावयाचे. ह्याहून नेमकी रंगसंगती कोणता कंत्राटदार सुचविणार आहे? लहान मुलाचे बोरन्हाण म्हणजे बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा व हलवा ह्यांची त्याच्या डोक्यावरून वृष्टी, आणि ती वेचण्याकरिता शेजारच्या पोरांची झुंबड. आश्विनात भोंडला: पाटावर हत्ती काढावयाचा, त्याभोवती फेर धरावयाचा, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत कोणती ते ओळखावयाचे. डोहाळजेवण कधी बागेतले, कधी चांदण्यातले, कधी नावेतले. चैत्रात गौरीपुढे आरास, दारात चैत्रांगणाची रांगोळी, आंब्याची डाळ आणि पन्हे. कोजागिरीस चंद्र आणि आटीव दूध. प्रत्येक समारंभास एक रूप, एक पदार्थ आणि एक खेळ. शिवाय तो पदार्थही असा निवडलेला, की जो त्या महिन्यात बाजारात मुबलक व म्हणून स्वस्त. चैत्रात कैऱ्या झाडांना लगडलेल्या असतात आणि नवा हरभरा घरात आलेला असतो. पौषात बोरांची व उसाची रेलचेल असते. ज्यांनी हे बेत बसविले, त्यांच्यापाशी पैसा बेताचाच असावा. पण कल्पकता भरपूर होती.

मात्र हे शहाणपण मला पहिल्यापासून होते असे नव्हे. 1980 साली लग्न होऊन मी गिरगावातील एका चाळीत आले. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, आणि माणसे दहा: मामंजी व सासूबाई, थोरले भावजी व जाऊबाई, त्यांची तीन मुले, आम्ही दोघे, आणि मामंजींच्या विधवा बहीण, ज्यांस आम्ही सगळे आत्याबाई म्हणत असू. आमच्या घरचे चैत्रातील हळदीकुंकू साऱ्या चाळीत नावाजलेले. गौरीपुढे सात पायऱ्यांची आरास. करंज्या, बेसनाचे लाडू व चिवडा ह्यांच्या भरलेल्या बशा. अत्तर, गुलाबपाणी, मोगऱ्याचा गजरा. ओटीत भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर बत्तासे आणि एखादी लहानशी वस्तू. 60 बायका येत. हा सारा थाट जाऊबाईंच्या हौसेचा होता. त्याचा खर्च 300 रुपयांच्या वर जाई, आणि त्या दिवसांत ती रक्कम काही लहान नव्हती.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिन्या-दोन महिन्यांत तो मिटेल असे जो तो म्हणे. प्रत्यक्षात तो रीतसर असा कधी मिटलाच नाही. आमचे भावजी एका गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. ते संपात नव्हते. परंतु गिरणीच बंद, तेव्हा त्यांचा पगार प्रथम अर्धा झाला व पुढे थांबला. घर एकट्या ह्यांच्या पगारावर आणि मामंजींच्या पेन्शनवर आले. भावजी रोज सकाळी नेमाने कपडे करून बाहेर पडत आणि दुपारी परत येत. ते कोठे जातात, हे त्यांस कोणी विचारीत नसे.

अशात चैत्र लागला. गुढी उभारली, गौर झोपाळ्यावर बसली, आणि शेजारणी विचारू लागल्या, "यंदा तुमचे हळदीकुंकू कोणत्या वारी?" जाऊबाई हसून म्हणत, "सांगते हं!" आणि आत येऊन गप्प बसत.

एका दुपारी घरात निजानीज झाल्यावर त्यांनी मला हलक्या आवाजात हाक मारली. पदराआड रुमालात बांधलेले काहीतरी होते. "माझ्याबरोबर सराफाकडे येतेस का? दोन महिन्यांचा प्रश्न आहे. गिरणी सुरू झाली की सोडवून आणू." मी त्यांच्या हातांकडे पाहिले. मनगटे मोकळी होती. नुसत्या काचेच्या बांगड्या. त्या पाटल्या त्यांना माहेरून आलेल्या होत्या.

मी काय उत्तर द्यावे ह्याच्या विचारात होते, तोच स्वयंपाकघरातून आत्याबाईंचा आवाज आला. त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेविले नाही की मान वर केली नाही. "हळदीकुंकवासाठी पाटल्या गहाण टाकणारी तू काही पहिली नव्हेस. मीसुद्धा टाकल्या होत्या."

आम्ही दोघी आत जाऊन बसलो. आत्याबाई आपल्याविषयी सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. त्यांच्या संसाराचे ते दुसरे की तिसरे वर्ष. यजमानांची नोकरी नुकतीच सुटलेली. सासरच्या मंडळींस ते कळू नये म्हणून त्यांनी गुपचूप पाटल्या ठेवून थाटाचे हळदीकुंकू केले. पुढे यजमान आजारी पडले. औषधपाण्यात पैसा गेला, व्याज चढत गेले, पाटल्या बुडाल्या. आणि त्याच वर्षी यजमानही गेले. "शंभर बायका येऊन गेल्या," आत्याबाई म्हणाल्या. "त्यांतल्या एकीला तरी आज ते आठवत असेल का? मला मात्र रोज आठवते." मग तांदळातला एक खडा वेचून बाजूस टाकीत त्या म्हणाल्या, "पाटल्या हातात घाल, आणि परवा डाळ भिजत घाल."

"नुसती डाळ? लोक काय म्हणतील, आत्याबाई?"

"डाळ चांगली झाली होती म्हणतील. वाईट झाली तर वाईट म्हणतील. म्हणून ती चांगली करायची."

आमच्या त्या वर्षीच्या समारंभाचा पाया असा घातला गेला. एकच पदार्थ, पण तो उत्तम, प्यावयास पन्हे, आणि ओटीला भिजवलेले हरभरे. बाकी सर्व बंद. परंतु केवळ वजाबाकी केली म्हणजे समारंभ होत नाही, हेही खरे. ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या कशाने तरी भरावयास हव्या होत्या, आणि जे भरावयाचे ते बिनपैशाचे हवे होते. येथे मुले कामास आली. जुन्या कॅलेंडराच्या पानांची आंब्याच्या पानाच्या आकाराची आमंत्रणे त्यांनी कापली, आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: "चैत्राच्या बागेत यावे. येताना हिरवे किंवा पिवळे नेसावे, आणि गौरीच्या आरासीकरिता आपल्या घरातील एक खेळणे उसने आणावे."

शेवटच्या वाक्यावर सासूबाई अडल्या. "पाहुण्यांकडून मागायचे? आजवर ह्या घराने कोणाकडे मागितले नाही." मी भीत भीत म्हटले, "मागत कुठे आहोत? संध्याकाळी परत द्यायचेच आहे. आणि आपली वस्तू आरासीत दिसली तर बाई जरा जास्त वेळ बसेल." त्या काही बोलल्या नाहीत; पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपल्या पेटीतील सावंतवाडीची लाकडी फळे काढून पुसून ठेविली.

आता पदार्थांविषयी, कारण प्रमाण न सांगता नुसती गोष्ट सांगणे हे गृहिणीने गृहिणीस फसविण्यासारखे आहे. 60 माणसांकरिता आम्ही 2 किलो हरभऱ्याची डाळ घेतली. ती चार-पाच तास भिजली म्हणजे फुगून दुपटीच्या आसपास होते. पाणी संपूर्ण निथळू द्यावे. आत्याबाई ती डाळ तासभर चाळणीत ठेवीत व मग कोरड्या पंचावर पसरीत. वाटताना पाण्याचा थेंब घालावयाचा नाही व अगदी मऊही करावयाची नाही. भरड राहिली पाहिजे. आमच्याकडे पाटा-वरवंटा होता, म्हणून हे काम तिघींनी आळीपाळीने केले. डाळीत किलोभर कैरीचा कीस, दोन नारळांचा चव, मीठ, किंचित साखर, हिरवी मिरची व कोथिंबीर. वरून मोहरी, हिंग, हळद व सुक्या मिरचीची फोडणी, मात्र ती निवल्यावर. गरम फोडणी ओतली की कच्च्या डाळीचा ताजेपणा जातो. चैत्राच्या उकाड्यात ही डाळ लवकर आंबते, म्हणून वाटण दुपारी दोनच्या पुढे करावे आणि कैरी अगदी शेवटी मिसळावी. पन्ह्यासाठी 2 किलो कैऱ्या उकडून त्यांचा गर काढिला. त्यात 2 किलो गूळ, चवीपुरते मीठ, वेलदोड्याची पूड, आणि माठातले सुमारे 8 लिटर पाणी. बर्फ आणिला नाही. माठात वाळा घातला होता, त्याचा वास पन्ह्यास लागला, आणि पुष्कळ जणींनी पन्ह्यात काय घातले आहे असे विचारले. सारा खर्च जाऊबाईंच्या वहीत 70 रुपयांच्या आत बसला.

ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. गॅलरीच्या कठड्याला आंब्याचे डहाळे बांधले होते. दारात आत्याबाईंनी पहाटेच चैत्रांगण काढून ठेविले होते: सूर्य-चंद्र, कासव, तुळशीवृंदावन, गौरीची पावले. बायका हिरव्या-पिवळ्या लुगड्यांत व साड्यांत आल्या, आणि प्रत्येकीच्या हातात काही ना काही होते. कोणाची पितळेची भातुकली, कोणाची लाखेची बाहुली. एकीने मुलाची पत्र्याची मोटार आणिली होती, ती गौरीच्या झोपाळ्याखाली उभी राहिली. दर वर्षी आमची आरास सात पायऱ्यांची असे. त्या वर्षी ती खोलीभर पसरली. "ते माझे हरिण!" "ती आमच्या बेबीची बाहुली!" असा एकच गलबला. डाळ सर्वांनी दोनदा घेतली. जाऊबाई दर वर्षी बशा भरण्यातच गुंतलेल्या असत, त्या प्रथमच बायकांत बसून बोलल्या. बोलता बोलता एका शेजारणीने हळूच सांगितले की, त्यांच्याकडेही तीन महिने पगार नाही. मग दुसरीने सांगितले. आपण ज्यांच्यापासून परिस्थिती लपवीत होतो, त्याही आपल्यापासून तीच लपवीत होत्या, हे आम्हांस तेव्हा कळले. भरगच्च बशा मांडल्या असत्या, तर ही गोष्ट त्या संध्याकाळी कोणीच बोलले नसते.

पण त्या संध्याकाळीतली एक गोष्ट मला टोचून राहिली आहे. डाळ इतकी वाखाणली गेली की सासूबाईंनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "वन्सं, ऐकलंत का? सगळ्या तुमचं नाव काढताहेत!" आत्याबाई आल्या, परंतु उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "बरी झाली ना? पुरे," असे म्हणून परत वळल्या. समारंभ हळदीकुंकवाचा होता. त्यात विधवेने यावयाचे नसते, हे त्यांस कोणी सांगावे लागत नव्हते. बायकाही क्षणभर थांबल्या आणि मग पुन्हा बोलू लागल्या. ज्यांनी डाळ वाटली, रांगोळी काढिली, आणि घराची अब्रूही वाचविली, त्यांनीच आपली डाळ शेवटी चुलीपाशी एकटीने बसून खाल्ली. मी तेव्हा 24 वर्षांची होते, घरात धाकटी होते. मी बोलले नाही. आज ते लिहिताना मला त्याची लाज वाटते.

जाऊबाईही बोलल्या नाहीत. पण त्या विसरल्या नाहीत, हे आश्विनात कळले. गिरणी अद्याप बंदच होती. भावजींनी एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले होते. पगार निम्मा, पण नियमित. एके दिवशी जाऊबाई मला म्हणाल्या, "यंदा गच्चीवर कोजागिरी करू. सबंध चाळीची. बायका, पुरुष, मुले, सगळी. आणि रंग ठेवू पांढरा."

मला ती कल्पना केवळ सुंदर वाटली. चंद्र पांढरा, दूध पांढरे. तेव्हा वस्त्रेही पांढरी असावीत, एवढेच मी समजले. आमंत्रणे पुन्हा मुलांनी लिहिली. प्रत्येक बिऱ्हाडाने लिटरभर दूध आणावयाचे व ते एका पातेल्यात ओतावयाचे असे ठरले. त्यामुळे कोणाचे किती ह्याचा हिशेबच उरला नाही. 40 माणसे होती. 10 लिटर दूध आटवून 8 लिटरांवर आणिले. त्यात पाऊण किलो साखर, वेलदोडे, जायफळ आणि मूठभर चारोळी. बदाम-पिस्ते परवडणारे नव्हते, आणि ते नाहीत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

खाण्यास दडपे पोहे केले. पाहुण्यांच्या गर्दीस ह्यासारखा सोयीचा पदार्थ नाही, कारण ह्यास चूल जवळजवळ लागतच नाही. अडीच किलो पातळ पोहे, पाच नारळांचा चव, दीड किलो बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू. नारळ फोडताना निघालेले पाणी पोह्यांवर शिंपडावयाचे आणि पातेल्यावर जड झाकण दडपून तासभर ठेवावयाचे, की पोहे आपोआप मऊ होतात. आत्याबाईंनी फोडणीत हळद घातली नाही. "पांढरे म्हटले ना? मग पोहेही पांढरेच," असे त्या म्हणाल्या. त्यांस खेळात रस येऊ लागला होता.

रात्री मंडळी गच्चीवर जमली. कोणी पांढरी साडी, कोणी फिकट पातळ, पुरुष धोतरात किंवा पायजम्यात. लहान मुलींनी शाळेचे पांढरे झगे घातलेले. चांदणे असे पडले होते की सारेच एका कापडातून कापल्यासारखे दिसत होते. आत्याबाई दुधाचे पातेले सांभाळीत जिन्याशी उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर नेहमीचेच पांढरे लुगडे होते. मी सहज त्यांच्याकडे पाहिले, मग गर्दीकडे पाहिले, आणि जाऊबाईंनी पांढराच रंग का ठेविला हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. आत्याबाई त्या गर्दीत निराळ्या दिसत नव्हत्या. त्या रात्री सगळ्यांनीच त्यांच्यासारखे नेसले होते.

जाऊबाईंनी त्यांच्या हातातला ओगराळे काढून माझ्या हाती दिला व त्यांना हाताला धरून बायकांच्या मध्ये नेऊन बसविले. त्या आधी अवघडल्या. मग कोणी भेंड्या सुरू केल्या. आत्याबाईंस जुनी पदे अशी पाठ होती की एका बाजूस त्या एकट्या आणि दुसऱ्या बाजूस उरलेली चाळ, तरी चाळ हरली. मध्यरात्री दुधात चंद्र पाहून झाल्यावर त्यांनी आपण होऊन पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "आणखी थोडे दे गं." आत्याबाईंनी स्वतःसाठी काही मागितलेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

त्यानंतर आमच्या चाळीत कोजागिरी दर वर्षी झाली. भाद्रपद संपत आला की आत्याबाई स्वतःच विचारू लागत, "यंदा रंग कोणता?" त्या 1991 साली गेल्या. त्या वर्षापर्यंत रंग बहुधा पांढराच असे. कोणी दुसरा सुचविला, तर जाऊबाईंना काही तरी अडचण निघेच.

इतक्या वर्षांच्या अनुभवावरून जे मला समजले ते थोडक्यात असे. घरच्या समारंभास एकच कल्पना असावी, व ती पाहुण्यांच्या घरात आधीच असलेल्या वस्तूंतून साधता यावी. नवी खरेदी करावयास लावणारी कल्पना पाहुण्यावर कर बसविल्यासारखी आहे. पदार्थ एक, फार तर दोन, आणि ते ऋतूतले असावेत. शक्यतो असे, की जे पाहुणे येण्यापूर्वी तयार होऊन राहतात. गरम पुऱ्या तळीत उभी असलेली यजमानीण पाहुण्यांस भेटतच नाही, आणि पाहुणा मुख्यतः तिला भेटावयास आलेला असतो. पाहुण्याकडून पैसा घेऊ नये, पण एखादी वस्तू, एखादे काम, एखादे गाणे अवश्य घ्यावे. ज्याने काही दिले तो परका राहत नाही. मुलांस निमंत्रणे व आरास द्यावी, पुरुषांस पाणी भरणे व भांडी विसळणे द्यावे. एका घरातल्या समारंभाचा शीण एकाच बाईच्या पाठीवर पडू नये. 2018 साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, ती मला तरी गैरसोयीची वाटली नाही. पळसाच्या पत्रावळी व द्रोण आमच्या बाजारात मिळतात, आणि घरातल्या वाट्या कमी पडल्या तर शेजारून आणाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे: "काही केले नाही हो, आपले साधेच आहे," असे पाहुण्यांस म्हणू नये. जे केले ते नीट करावे आणि मोकळ्या मनाने पुढे ठेवावे. क्षमा मागत वाढलेला पदार्थ खाणाऱ्यालाही अवघड जातो.

हे सर्व मी सूनबाईंना त्या दिवशी सांगितले. अर्थात इतके सविस्तर नव्हे. आता आम्ही डोंबिवलीस राहतो. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरे आहेत. एकात आम्ही, एकात जाऊबाई व त्यांची मुले-सुना. दारे दिवसभर उघडी असतात, म्हणून घर एकच म्हणावयाचे. त्या पाटल्या जाऊबाईंनी आपल्या थोरल्या सुनेला दिल्या आहेत. जाऊबाई ऐकत होत्या, आणि कोठे माझे प्रमाण चुकले तर दुरुस्त करीत होत्या; पोह्यांना नारळ पाच नव्हे, सहा लागले होते असे त्यांचे म्हणणे आहे.

कंत्राटदाराचा कागद बाजूस पडला. वाढदिवसाची थीम ठरली 'चांदोबा'. रंग पांढरा, गच्चीवर, रात्री आठ वाजता. दडपे पोहे, आटीव दूध, आणि नातीपुरता घरी केलेला रव्याचा केक. पाहुण्यांनी भेटवस्तू आणू नयेत. येताना प्रत्येकाने बाळासाठी चांदोबाचे एक गाणे किंवा एक गोष्ट आणावी. मुलाने लगेच पातळ पोहे किती आणू म्हणून विचारले. त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

मग सूनबाई म्हणाल्या, "आई, आधी औक्षण करायचे ना? पहिले औक्षण तुम्ही करा."

मी गप्प राहिले. 2017 साली हे गेले. तेव्हापासून असल्या वेळी मी आपण होऊनच जरा मागे सरते. कोणी तसे सांगितलेले नाही. आत्याबाईंनाही कोणी सांगत नसे. माझ्या मनात उंबऱ्याच्या आत थांबलेल्या त्या उभ्या राहिल्या, आणि तोंडून नेहमीचेच वाक्य निघणार होते, "जाऊबाई करतील की."

पण जाऊबाईंनी ते मला बोलू दिले नाही. खुर्चीवरून उठत त्या म्हणाल्या, "तीच करील. तबक मी तयार ठेवते." आणि दारातून पलीकडे जाता जाता त्यांनी वळून विचारले, "तुझी ती पांढरी साडी कोठे आहे गं? इस्त्रीला टाकायला हवी."

मी उठले आणि कपाट उघडले.